प्रकरण चौदावे : तीन जुड्या

उजव्या खुर्चीत धाकटी बसलेली होती.

लोखंडी जिना चढून आलेल्या ताईने ते दारातूनच पाहिलं, आणि जिन्याने लागलेली धाप थोडी जास्तच लागली. ऑफिसच्या त्या खोलीत खुर्च्या सहा. टेबलाच्या डोक्याशी आईची, आणि आईच्या उजव्या हाताला ती एक. शंभराच्या विक्रीमागे ज्या शेडच्या हातात सगळ्यांत जास्त उरेल, त्या शेडच्या माणसाने पुढचं वर्षभर तिथे बसायचं, असा बाबांनी घालून दिलेला नियम होता. बाबा गेले, नियम राहिला. खुर्चीच्या गादीचं कापड दोनदा बदललं, पण गेली चौदा वर्षं तिच्यावर बसणारं माणूस बदललं नव्हतं. दुसऱ्या शेडची ताई.

“ये गं,” आई म्हणाली. “बस कुठेही.”

कुठेही! ताई दाराजवळच्या खुर्चीत बसली. ती खुर्ची डुगडुगते हे तिला आज पहिल्यांदाच कळलं.

“हिच्या कॉम्प्युटरची वायर तिकडून पुरत नाही,” आईने सांगितलं. कुणी विचारलं नसताना सांगितलं, म्हणजे तिलाही ते खटकलं असणार.

धाकटी अर्धवट उठली. “ताई, तुम्ही बसा ना इथे. मी वायरचं काहीतरी बघते.”

“नको, नको. वायर महत्त्वाची. माणसं काय, कुठेही पुरतात.”

धाकटी पुन्हा बसली. ही बाळची बायको. बाळ म्हणजे तिघा भावंडांतलं शेंडेफळ. वय चव्वेचाळीस, पोट सुटलेलं, तिसऱ्या शेडचा मालक, पण घरात आणि ब्रशच्या कारखान्यात नाव एकच, बाळ. तो लहानपणी ताईला ताई म्हणायचा म्हणून दादाही तिला ताई म्हणू लागला, आणि मग आईसुद्धा. हे सगळं ठीक होतं. पण तीन आठवड्यांपूर्वी आईने तिन्ही शेडची बिलं काढून एकट्या धाकटीच्या हवाली केली, तेव्हापासून ताईला जेवण नीट जात नव्हतं. शेड वेगळ्या झाल्यापासूनच्या अठरा वर्षांत आईने आपली वहीसुद्धा कधी दुसऱ्याला दाखवली नव्हती.

जिना वाजला. आधी दादा आला, हातात फाइल, चेहऱ्यावर ठरवून आणलेला गंभीरपणा. त्याच्यामागे बाळ, बिस्किटांचा पुडा घेऊन. दोघं एकदम आले याचा अर्थ ताईला लगेच लागला. एरवी दोघे भाऊ एका रस्त्याने आले तरी दहा मिनिटांच्या अंतराने यायचे.

“आई, मी आधीच सांगतो,” दादाने बसायच्या आत सुरुवात केली. “भावनेचा प्रश्न नाही. चाळीस दुकानांचं गिऱ्हाईक आहे. शंभराला आठ कमी करा म्हणतंय, नाहीतर दुसरीकडे जातो म्हणतंय. वर्षाचे सहा लाख होतात. उद्या उत्तर द्यायचंय.”

“मला माहीत आहे,” आई म्हणाली.

“मग हेही माहीत असेल की तीन शेडचं काम दोन शेडमध्ये बसतं.”

“कुठल्या दोन?” ताईने विचारलं.

दादाने फाइल उघडली. बाळ बिस्किटांचा पुडा उघडू लागला. त्याला तो उघडायला एरवी इतका वेळ लागत नसे.

“गुरुवारी माझ्या शेडमध्ये एक माणूस टेप घेऊन आला होता,” ताई म्हणाली. “लांबी मोजली, रुंदी मोजली, छताला किती उंची ते मोजलं. माझ्या फिटरने विचारलं, काय हो, कसली मापं? तर म्हणे गोदामासाठी. आता तो माणूस मी बोलावला नव्हता. आईने बोलावला नव्हता. बाळ, बिस्किट दे इकडे, तू ते फोडतोस कमी आणि कुस्करतोस जास्त.”

“अगं, नुसतं मोजायला काय जातं?” बाळ म्हणाला.

“हो ना. शवपेटीवालाही आधी नुसतं मोजूनच जातो.”

दादाने फाइल मिटली. “एकोणीस माणसं आहेत तुझ्याकडे. त्यातली नऊ मी घेतो, चार बाळ घेतो. तुला इथे वर बसायला देऊ. हिशेब बघ, पत्रव्यवहार बघ. मान काही कमी होणार नाही.”

“आणि उरलेली सहा?”

दादाने फाइलचा कोपरा सरळ केला. खाली रविवारमुळे यंत्रं बंद होती, त्यामुळे बाळच्या दाताखालचं बिस्किटही फारच ऐकू येत होतं.

“आधी हिचं ऐका,” आई म्हणाली. “तीन आठवडे हिने बिलं चाळलीत. शेड बंद न करता सहा लाख निघतात का, ते बघायला मीच सांगितलं होतं.”

*

धाकटीने अकरा वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या खरेदी विभागात काढली होती. एकच सुई चार वॉर्डांत चार नावांनी आणि चार दरांनी विकत घेतली जाते, हे तिने तिथे पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. त्यामुळे इथली बिलं हातात आली तेव्हा तिने आधी दर पाहिले नाहीत, नावं पाहिली. डिंक, दांडे, पत्र्याच्या टोप्या, खोके, सगळं बाजूला काढलं. सगळ्यांत मोठा खर्च केसांचा. ब्रशचा केस, जो परदेशातून पेट्या भरून येतो आणि इथे जुड्या बांधून विकला जातो.

दादांच्या वहीत त्याचं नाव होतं ‘काळा साठ’. ताईंच्या वहीत ‘घोडा’. बाळच्या वहीत ‘माल नंबर सात’. विकणारा एकच. तिने बाळला विचारलं तर तो म्हणाला, “अगं, खरं नाव लिहिलं तर दादाला कळेल ना मी काय भावाने घेतो ते.” हे त्याने इतक्या सहज सांगितलं की तिला हसावं का रडावं कळेना. एकाच कुटुंबातल्या, एकाच कंपनीच्या तीन वह्यांत एकाच वस्तूला तीन टोपणनावं, आणि ती तिन्ही एकमेकांपासून लपवण्यासाठी!

पण तिघांचा माल एकाच प्रतीचा आहे हे तेव्हा तिला माहीत नव्हतं. संशय आला तो फाटकावरच्या वॉचमनच्या वहीवरून. एकच टेंपो, एकच तारीख, तिन्ही शेडच्या दारात दहा-दहा मिनिटांच्या अंतराने. मग तिने प्रत्येक शेडमधून चिमूटभर केस आणले, स्क्रूगेजमध्ये धरून जाडी मोजली, गॅसवर जाळून वास घेतला. त्या दिवशी घरभर जळक्या केसांचा वास सुटला, आणि बाळ नाक धरून म्हणाला, “ताईला विचारलं असतंस तर तिने नुसतं हात लावून सांगितलं असतं.”

हे वाक्य तिला तीन दिवस पुरलं. लग्नाला आठ वर्षं झाली होती. अजूनही नवीन शर्ट घेतला की बाळ तो आधी ताईंना दाखवायचा. अजूनही या तिघांचं भांडण सुरू झालं की ते एकमेकांचं अर्धं वाक्य पूर्ण करायचे, आणि ती मधे बसून पाहुण्यासारखी हसायची. नुसतं हात लावून सांगितलं असतं! बरं, मग लावू दे हात.

तिने पिशवीतून तीन जुड्या काढून टेबलावर ठेवल्या, प्रत्येकीखाली एक कागद. अंगठ्याएवढ्या जाडीच्या, काळ्या, मुळाशी दोऱ्याने बांधलेल्या. केसवाला प्रत्येक जुडीला कागदाची पट्टी लावायचा. दादांच्या मालाला लाल, ताईंच्या मालाला पांढरी, बाळच्या मालाला निळी. त्या पट्ट्या तिने काढून टाकल्या होत्या.

“तिन्ही शेडमधली एकेक आहे,” ती म्हणाली. “आपापली ओळखा.”

“परीक्षा!” बाळ खूश झाला. “पास झालो तर काय?”

“आधी मी,” दादा म्हणाले.

दादांनी बाह्या वर केल्या. पहिली जुडी उचलली, तळहातावर टेकवून वाकवली, सोडली. दुसरी घेतली, टोकं गालावर फिरवली. तिसरीचा वास घेतला. तिसरी त्यांनी परत परत वाकवली आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं समाधान आलं.

“ही माझी. ही बघा, सोडल्यावर कशी उभी राहते. हा जीव दुसऱ्या मालात नाही. केसवाले मला सांगतात ना, साहेब, पेटी उघडली की आधी तुमचा माल बाजूला काढतो, मग बाकीच्यांचा.”

“बाकीचे म्हणजे आम्ही,” बाळ म्हणाला. “दे इकडे. ही माझी. मधली. माझा माल जरा मऊ असतो. मला तो मुद्दाम मऊ देतो, गोल ब्रशला लागतो म्हणून.”

धाकटीने कागद उलटे केले. खाली पेन्सिलने लिहिलेलं होतं. दादांनी उचललेली जुडी बाळच्या शेडमधली होती. बाळने उचललेली दादांच्या.

“म्हणजे?” दादा म्हणाले.

“थांबा. ताईंचं राहिलंय.”

*

आता कागद उलटे झालेले होते, आणि उरलेली जुडी आपली हे कोणीही सांगू शकलं असतं. ताईने नुसतं तिच्याकडे बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. विषय पुढे गेला असता. धाकटीने आपली बडबड केली असती, दर सांगितले असते, आणि ताईने सगळ्यांबरोबर ‘अरे बापरे’ म्हटलं असतं. चौदा वर्षं झाकलेलं झाकलेलंच राहिलं असतं.

तिने सवयीने तिन्ही जुड्यांवरून अंगठा फिरवला. मग मान वर केली, आणि तिला धाकटीचा चेहरा दिसला. शांत, समजूतदार, थोडासा हसरा. वर्गात उत्तर फक्त आपल्यालाच माहीत असलेल्या मास्तरणीचा चेहरा. उजव्या खुर्चीतून.

आणि ताईला ते सोसलं नाही.

“तिन्ही एकच आहेत,” ती म्हणाली. “एकाच पेटीतल्या. दादाची आणि बाळची एका दिवशी बांधलेली, माझी दोन दिवसांनी. माझी जराशी ओलसर आहे, पेटीच्या तळातली. त्याच्या गोदामात तळाला ओल धरते.”

धाकटीचं हसू गेलं. ते जाताना पाहून ताईला फार बरं वाटलं. एखादा घोट पाणी पिण्याइतका वेळ.

“गोदामात?” आई म्हणाली. “तू त्याच्या गोदामात कधी गेलीस?”

खोटं बोलता आलं असतं. पण आईसमोर ताई लहानपणापासून खोटं बोलताना आधी नाकाला हात लावायची, आणि आत्ता तिचा हात उचललेलाच होता.

“झाली चौदा वर्षं,” ती म्हणाली.

*

दादाला पहिल्यांदा नीट काही कळलं नाही. त्याने एवढंच विचारलं, “बाळला काय भावाने देतो?”

“दादा, आधी एकूण किती जास्त गेले ते तर—” धाकटी म्हणू लागली.

“ते सांगशील गं. बाळला काय भाव?”

“किलोला एक हजार नव्वद.”

दादाने डोळे मिटले. त्याला स्वतःला अकराशे ऐंशी पडत होते. वर्षाला दीड टन. तो केसवाला दादाच्या मुलीच्या लग्नात पहिल्या रांगेत बसला होता. दर पडत्या वर्षी, दर मंदीत, फोन करून म्हणायचा, साहेब, तुमच्यासाठी म्हणून या भावात देतो, फक्त भावंडांच्या कानावर घालू नका, त्यांना वाईट वाटेल. आणि दादाने घातलं नव्हतं. भावंडांना वाईट वाटू नये म्हणून! निदान तो स्वतःला तसं सांगत आला होता. खरं म्हणजे आपल्याला स्वस्त पडतं आणि त्यांना माहीत नाही, या गोष्टीवर तो कित्येकदा गाडी चालवताना एकटाच हसला होता.

“आणि ताईला?” त्याने विचारलं.

“नऊशे चाळीस.”

बाळच्या हातातलं बिस्किट टेबलावर पडलं. “नऊशे चाळीस! मला म्हणाला होता, हजाराच्या खाली आणायला गेलो तर मीच रस्त्यावर येईन!”

“मला सांगा आता,” आई म्हणाली. ती हळू बोलत होती, आणि ती हळू बोलायला लागली की घरात सगळेच सरळ बसत. “ताई. गोदामाचं सांग.”

ताईने सांगितलं. माल उशिरा आला म्हणून एकदा ती न कळवता गेली होती. आत चार बायका जमिनीवर बसून पट्ट्या चिकटवत होत्या. एक पेटी, तीन टोपल्या, लाल, पांढरी, निळी. केसवाला धावत आला. ती म्हणाली, उद्या भावांना सांगते. तो म्हणाला, ताई, बसा, पाणी घ्या. पाणी पिऊन होईपर्यंत त्याने भाव कमी केला होता.

“आणि तू?”

“मी काही पाहिलं नाही, असं ठरलं.”

“केसाने गळा कापला,” बाळ पुटपुटला. “तोही आपल्याच.”

“त्याचं सोड, तो व्यापारी आहे,” दादा म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. “तू बघत होतीस. दर वर्षअखेर इथे, या टेबलाशी, बाबा मला म्हणायचे, ताईकडून शीक. मी घरी जाऊन झोपायचो नाही. दांडे बदलले, डिंक बदलला, दोन जुनी माणसं काढली. कुठे गळतंय, कुठे गळतंय, म्हणून शोधत राहिलो. आणि तू त्या खुर्चीत बसून बघत होतीस.”

ताईने डुगडुगती खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाली, “तुला मुलगा म्हणून पहिली शेड मिळाली. मोठी, रस्त्यावरची, नवीन छताची. मला मधली, जिथे पावसाळ्यात बादल्या ठेवाव्या लागत. तुझ्यापुढे जायला मला दुसरं काय होतं?”

“म्हणून?”

“म्हणून.”

“मला तरी सांगायचंस,” बाळ म्हणाला. त्याचा चेहरा खरंच चव्वेचाळीस वर्षांचा दिसत नव्हता. “दादाचं मी समजू शकतो. पण मला? मी तुला सगळं सांगतो ताई. माझ्या डायबिटीसचं मी हिच्या आधी तुला सांगितलं.”

“काय?” धाकटी म्हणाली.

“ते नंतर बोलू.”

दादा उभा राहिला. “दुसरी शेड बंद. विषय संपला. बाळ?”

“मी दादाबरोबर,” बाळ म्हणाला, ताईकडे न बघता.

*

धाकटीला आधी बरंच वाटलं, हे कबूल करायला हवं. ताईंचा चेहरा उतरलेला पाहायची इच्छा तिने आठ वर्षं नीट घडी घालून ठेवली होती. पण आता तो समोर उतरला, तर तिला त्या एकोणीस माणसांची आठवण झाली, ज्यांच्यातल्या एका बाईने चिमूटभर केस देताना विचारलं होतं, “शेड राहणार ना हो?” आणि तिने “बघू” म्हटलं होतं.

“बंद करायची गरजच नाही,” ती म्हणाली.

“गरजेचा प्रश्न नाही आता.”

“दादा, माझं अजून अर्धंच झालंय. पाच मिनिटं बसा. मग काय बंद करायचं ते करा.”

दादा बसले नाहीत, पण गेलेही नाहीत.

“तिघांचा मिळून केस वर्षाला तीन टन लागतो. दादा दीड, हे एक, ताई अर्धा. केसवाला ज्याच्याकडून पेट्या घेतो, त्याच्याशी मी बोलले. तो सरळ आपल्याला द्यायला तयार आहे, आठशे नव्वदने. पण तीन टनांच्या खाली हात लावत नाही. एकट्या शेडला ते कधीच जमलं नसतं. दादांनाही नाही.” तिने कागद पुढे सरकवला. “दादांचे किलोमागे दोनशे नव्वद वाचतात. यांचे दोनशे. ताईंचे पन्नास. वर्षाला सहा लाख साठ हजार. गिऱ्हाइकाचे सहा त्यातच निघतात. भाव उद्यापर्यंतच आहे. मात्र नाव एक, वही एक, आणि खरेदी करणारा हात एक हवा.”

“हात कोणाचा?” दादा आणि ताई एकाच वेळी म्हणाले.

बाळला हसू आलं, पण त्याने ते खोकल्यात लपवलं.

“ताईचा नाही,” दादा म्हणाले.

“आणि हिचाही नाही,” ताई म्हणाल्या. “हिला ओला माल आणि कोरडा माल कळत नाही. गेजमध्ये ओल मोजता येत नाही, धाकटे.”

“दादाचाही नको,” बाळ म्हणाला. “आत्ताच माझा माल स्वतःचा म्हणून वाकवून दाखवत होता.”

“मग शेजारच्या कारखान्यातून माणूस बोलवू का?” आई म्हणाली. “बाबांनी तुम्हाला तीन चुली मांडून दिल्या त्या भांडू नका म्हणून. तुम्ही चुलींच्या आडून भांडलात. तीन सह्या घालायच्या प्रत्येक ऑर्डरवर. तिघांनी माल बघायचा, तिघांनी सही करायची. एकही कमी असली तर माल घ्यायचा नाही.”

“मी करणार नाही,” दादा म्हणाले. “सहा लाखांचा प्रश्न नाही, आई. उद्या मी सही केली की ही पुन्हा वर्षअखेरीला तिथे बसणार. मी तिच्या शेडसाठी सही करून पुन्हा तिच्याकडून शिकायचं?”

आईने धाकटीकडे पाहिलं. धाकटीला दिसलं की याला कुठलाच आकडा उत्तर नाही.

मग दादाच म्हणाले, खिडकीकडे तोंड करून, “एक बघता येईल का? म्हणजे, नुसतं बघायचं म्हणून.”

“काय?”

“या चौदा वर्षांत केसाचा भाव तिघांना सारखा असता, तर पहिली शेड कुठे असती?”

ताईंनी मान झटकन वर केली.

धाकटीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि आकडे घातले. जुनी वर्षं आईच्या वहीतून वाचावी लागली. आई वाचत होती, ती टाइप करत होती, बाळ बोटांवर काहीतरी मोजत होता. दादा खिडकीशीच होते. पण त्यांचे कान लाल झालेले मागून दिसत होते.

“चौदापैकी बारा वर्षं,” ती म्हणाली. “पहिली शेड पहिली.”

“पुन्हा सांग.”

“बारा वर्षं. दोन सोडून सगळी.”

दादा वळले. त्यांनी तोंडावरून हात फिरवला, तो डोळ्यांपाशी थोडा जास्त वेळ राहिला. “म्हणजे गळत नव्हतं,” ते म्हणाले. “म्हणजे मी नीटच चालवत होतो.”

“उत्तम चालवत होता,” धाकटी म्हणाली. आणि ते खरं होतं.

“हे छापून दे. बाराची यादी, प्रत्येक वर्ष वेगळं.”

प्रिंटर घरघरला. दादांनी पान वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं, काढून परत वाचलं. मग घरी आपल्या बायकोला, थोरलीला, फोन लावला. “अगं, ऐक. खुर्ची बारा वर्षं आपली होती... नाही, बसायला नाही... अगं, बसायला नाही पण होती. घरी आल्यावर सांगतो.” फोन ठेवून ते टेबलाशी आले आणि तीन टनांच्या ऑर्डरवर त्यांनी अशी सही केली की शेवटची रेघ कागदाबाहेर गेली.

“दुसरी शेड?” आईने विचारलं.

“राहू दे. असली तर कळेल तरी कोण पहिलं ते.”

बाळने सही केली. मग त्याने कागद ताईपुढे सरकवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं. “कर गं. भूक लागलीय.”

*

ताईच्या पुढ्यात दोन कागद होते. एक ऑर्डर, ज्यावर सही केली की तिची शेड, तिची एकोणीस माणसं आणि पावसाळ्यातल्या बादल्या सगळं वाचत होतं. आणि दुसरं, प्रिंटरमधून चुकून दोनदा निघालेलं ते पान. बारा ओळी. प्रत्येक ओळीत एक वर्ष, आणि प्रत्येक वर्षापुढे ‘पहिली शेड’.

ही सगळी वर्षं तिची होती. ती प्रत्येक वर्षी त्या खुर्चीत बसली होती. बाबांनी प्रत्येक वर्षी तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि मग ते गेल्यावर आईने. आता कोणी तिच्याकडून काही काढून घेत नव्हतं, नुसता एक भाव दुरुस्त केला होता, आणि बारा वर्षं गेली होती. पेन तिच्या हातात होतं. बाळ वाट बघत होता, धाकटी वाट बघत होती, आणि सगळ्यांना वाटत होतं की ती शेडचा विचार करतेय.

“ती दोन कोणती?” तिने विचारलं.

“काय?”

“बारा याची. उरलेली दोन वर्षं कोणती?”

धाकटीने पडद्यावर पाहिलं. “सहावं. आणि अकरावं.”

सहाव्या वर्षी ताईने कापायची सुरी उभीची आडवी बसवून घेतली होती, आणि केसाचा कचरा निम्म्यावर आला होता. फिटर नको म्हणत होता. तिने स्वतः दोन रविवार तिथे बसून ती बसवून घेतली. अकराव्या वर्षी काय केलं ते तिला आत्ता आठवेना, पण काहीतरी केलं असणारच. केल्याशिवाय कसं होईल?

“ती या पानावर नाहीत,” ती म्हणाली.

“दादांनी बाराचीच यादी मागितली ना.”

“लिही.”

“ताई, आता कशाला—”

“खाली दोन ओळी लिही. सहावं वर्ष, दुसरी शेड. अकरावं वर्ष, दुसरी शेड. आणि ठळक कर.”

धाकटीची बोटं कीबोर्डवर थांबली. मग तिने लिहिलं. प्रिंटर पुन्हा घरघरला. दादा मागून वाकून बघत होता.

“ठळक कशाला?” तो म्हणाला. “माझी बारा साधीच आहेत.”

“म्हणूनच,” ताई म्हणाली आणि सही केली.